फ्रिजवरची पांढरी गाडी

भिंगारला भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा :

"आलात कशानं?"

"रिक्षानं."

"कुणाच्या?"

मला प्रश्नच कळला नाही. स्टँडवर रिक्षा मिळाली, तिच्यात बसले, आले. कुणाच्या म्हणजे काय?

"ड्रायव्हरचं नाव काय, असं विचारतोय."

"नाही हो विचारलं."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी कुणाच्या घरी पोटभर जेवून यजमानाचं नावही न विचारता उठून आले होते. मग चपला अडकवून ते स्वतःच फाटकाबाहेर गेले. रिक्षावाला अजून गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळवत होता. परत आले ते त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असं सगळं घेऊनच. ते मला सांगितलं आणि मगच खोली दाखवायला वर नेलं. खोली कशी होती, पाणी किती वाजता येतं म्हणून त्यांनी सांगितलं, यातलं मला काही आठवत नाही. खोली मी तिथल्या तिथं ठरवून टाकली. हा माणूस काय प्रकार आहे हे समजल्याशिवाय मला आता चैन पडणार नव्हतं.

मी जनावरांची डॉक्टर. माझ्या पेशंटना तोंडानं काही सांगता येत नाही, त्यामुळे नको तिथं नाक खुपसून बघायची सवय मला धंद्यानंच लागलेली. भिंगारच्या त्या घरात मी काही वर्षं वरच्या मजल्यावर राहिले. खाली काका आणि काकू. काका लष्कराच्या स्टोअरमध्ये सिव्हिलियन नोकरीत होते, तिथूनच रिटायर झालेले. गल्ली मात्र त्यांना 'आरटीओ' म्हणायची. कारण कुठल्याही गाडीत बसायच्या आधी ते तिला एक चक्कर मारायचे, चपलेच्या टोकानं टायर ठोकून बघायचे, आरसा वाकडा असेल तर स्वतःच सरळ करायचे आणि मगच आत शिरायचे. लग्नाला न्यायला आलेली पाहुण्यांची गाडी असो नाहीतर भाजीचा टेम्पो, या तपासणीतून कुणाची सुटका नव्हती.

खालच्या बैठकीच्या खोलीत काचेची एक लांबलचक शोकेस होती. लोकांच्या शोकेसमध्ये शाली, ट्रॉफ्या आणि प्लास्टिकची फुलं असतात. काकांच्या शोकेसमध्ये गाड्या. बोटाएवढ्या, तळहाताएवढ्या, एखादी वीतभर. लाल एसटी, लांब नाकाचा जुना तीनचाकी टेम्पो, काळी-पिवळी जीप, अँबॅसिडर, मिलिटरीचा ट्रक, बोअरची गाडी, जेसीबी, रोडरोलर. सगळ्यांची तोंडं आपल्याकडे. काही जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानातल्या, काही हल्ली मोबाईलवरून मागवलेल्या, चांगल्या धातूच्या, दारं उघडणाऱ्या. जी बाजारात मिळत नाही ती काका स्वतः करायचे. उसाचा ट्रॅक्टर असाच तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून केलेला होता, आणि त्याच्या दोन्ही ट्रॉल्यांमध्ये ऊस म्हणून काकूंच्या केरसुणीच्या काड्या मोळ्या बांधून भरलेल्या होत्या.

"घरात चाकं बगा किती," काकू म्हणायच्या. "आन दळन आनाया मी पायी."

यात खोटं काही नव्हतं. या माणसानं जन्मात स्वतःची गाडी घेतली नाही. सायकलसुद्धा नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, "चालवायला लागलं की रस्त्याकडं बघावं लागतं, डॉक्टर. मग गाडी बघायची राहून जाते. मी पॅसेंजरच बरा."

मला वाटलं होतं, आवडली गाडी की आणून ठेवत असतील. छे. शोकेसमध्ये जायचं तर तीन कलमं होती आणि ती सरकारी कलमांपेक्षा कडक होती. एक, त्या जातीच्या खऱ्या गाडीत काका स्वतः बसलेले पाहिजेत. दोन, ते बसलेले असताना ती चाललेली पाहिजे. तीन, ती चालवणाऱ्याचं नाव त्यांना ठाऊक पाहिजे, तेही पूर्ण. नुसतं 'संतोष' चालत नसे.

"संतोष काय, एकेका डेपोत पोत्यानं असतात," ते म्हणायचे. "स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. अर्धं नाव म्हणजे अर्धं तिकीट."

आणि हे कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं. शोकेसमधली कुठलीही गाडी तुम्ही उचलून त्यांच्या हातात द्या, ते ती तळहातावर धरणार आणि तिच्या ड्रायव्हरचं पूर्ण नाव सांगणार, त्याचं गाव सांगणार, त्याला चहा कसा लागायचा तेही सांगणार. मी सुरुवातीला परीक्षा घ्यायची म्हणून एकच गाडी महिन्यानं पुन्हा उचलून द्यायची. एकदाही चुकले नाहीत. शेवटी मीच कंटाळले.

या कलमांपायी भांडणंही व्हायची. गल्लीतल्या एकानं विचारलं, "काका, जत्रेतल्या पाळण्यात बसलात की, तो का नाही ठेवला?" काका म्हणाले, "जिथं बसलो तिथंच उतरलो. त्याला वाहन म्हणत नाहीत." लग्नातला घोडा चाकं नसल्यामुळे बाद. जेसीबी मात्र त्यांनी हट्टानं मिळवला होता. कुणा पुढाऱ्याच्या मिरवणुकीत जेसीबीच्या बकेटमधून फुलं उधळायची होती. पोरं बकेटमध्ये चढली आणि हे साठीपुढचे गृहस्थ ड्रायव्हरच्या केबिनमध्ये त्याच्या शेजारी अंग चोरून बसून होते. कोणता पुढारी, कशाची मिरवणूक, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ड्रायव्हरचं पूर्ण नाव आणि तो पाथर्डीकडचा, एवढं मात्र ठाम.

रोडरोलरची गोष्ट तर भिंगारमध्ये बरेच जण सांगतात. काका नोकरीत असतानाची. रस्त्याचं डांबरीकरण चाललेलं, कोपऱ्यावर रोलर उभा. काका रोज चालत ऑफिसला जायचे, त्या दिवशी रोलरवाल्याला पटवून वर चढून बसले. ऑफिस हाकेच्या अंतरावर, पण रोलरच तो. मागून निघालेले सगळे पुढे गेले, म्हातारे गेले, शाळेची पोरं गेली. काका गेटवर पोचले तेव्हा साहेब घड्याळ बघत उभे. "आज उशीर का?" साहेबांनी विचारलं. काका म्हणाले, "साहेब, आज गाडीनं आलो."

नवी गाडी शोकेसमध्ये जायची तेव्हा तिची रीतसर पूजा व्हायची. आपल्याकडे नव्या गाडीच्या चाकांखाली लिंबं ठेवून ती चिरडत गाडी पुढे काढतात. एवढ्याशा चाकांना लिंबू कसं झेपणार? म्हणून काका उन्हाळ्याच्या शेवटी अंगणातल्या कडुलिंबाखालच्या पिवळ्या लिंबोळ्या वेचून काचेच्या बरणीत वाळवून ठेवायचे. बॉनेटवर कुंकवाचं बोट, चाकांपुढं दोन लिंबोळ्या, गाडी पुढे. वाळलेल्या लिंबोळ्या चाकानं चिरडत नसत, मग ते वरून अंगठ्यानं दाबत. मग आम्हा सगळ्यांच्या हातावर साखर. खंडेनवमीला गल्लीतल्या लोकांच्या गाड्यांना झेंडूच्या माळा पडायच्या आणि काका शोकेस उघडून एकेका गाडीच्या टपावर झेंडूची एकेक पाकळी ठेवत बसायचे. घाई नाही, गडबड नाही. मी मागं उभी राहून हे सगळं बघायची आणि मला हसू यायचं, पण दुसऱ्या वर्षी झेंडू आणायला मीच गेले.

शोकेसबाहेर मात्र दोन वाहनं होती. एक टीव्हीवर, एक फ्रिजवर.

टीव्हीवर पितळी रणगाडा होता. रिटायर होताना ऑफिसातल्या लोकांनी दिलेला, वजनदार, देखणा. "हा बाहेर का?" मी विचारलं. काका म्हणाले, "उभा जन्म रणगाड्याचे पार्ट दिले, डॉक्टर. बोल्ट दिले, पट्टे दिले, रबरं दिली. बसलो कधीच नाही." पुढं एकदा लष्कराचा मेळा भरला होता, त्यात लोकांना रणगाड्यात चढू देत होते. ओळखीच्या एका सुभेदारानं काकांना मानानं बोलावलं. काका गेले, चक्कर मारली, पट्ट्याला चपलेचं टोक लावलं आणि विचारलं, "चालू करणार का?" सुभेदार म्हणाला, "तसं नाही करता येत, काका. नुसतं बसा, फोटो काढू." काका नमस्कार करून घरी आले. रणगाडा टीव्हीवरच राहिला आणि त्यावर ते दिलखुलास बोलायचे.

फ्रिजवर एक पांढरी गाडी होती. सात माणसांची, हल्ली प्रवाशांना शिर्डी-शिंगणापूर फिरवायला वापरतात तसली. खोक्यातून काढलेलीसुद्धा नाही, पुढच्या पारदर्शक कागदातून दिसायची. काकू ते खोकं रोज फडक्यानं पुसायच्या आणि पुन्हा तिथंच ठेवायच्या.

"आणि ही?" मी विचारलं.

"तिच्यात बसलो नाही."

"मग बसा की. रस्त्यानं ढिगानं फिरतात."

काका उठले आणि झाडांना पाणी घालायला गेले. सकाळीच पाणी घातलेलं होतं. ताकास तूर लागू देईनात, त्यामुळे माझं कुतूहल आणखीच वाढलं.

उलगडा काकूंनीच केला. काका दुपारी वाचनालयात गेले की गिरणीच्या कोपऱ्यावर एक पांढरी गाडी येऊन थांबते, तिच्यातून एक माणूस उतरून आमच्या फाटकातून आत जातो आणि थोड्या वेळानं तोंड पुसत बाहेर पडतो, हे मी माझ्या खिडकीतून बऱ्याचदा पाहिलं होतं. एक दिवस मी त्याला जिन्याखालीच गाठलं. तो हसला, "नमस्कार मॅडम," म्हणाला आणि गेला. हसणं हुबेहूब काकांचं.

"माजा पोरगा हाय त्यो," काकू म्हणाल्या. ओट्याशी ताट अजून तसंच होतं. "नगरातच ऱ्हातो, बायकोपोरासंगं. चांगली कंपनीत नोकरी हुती. सोडली आन गाडी घेतली. ह्यांना लई लागलं. 'माज्या घरात ड्रायव्हर नको,' म्हनले. तर त्यो काय म्हनला ठावं हाय? 'नाना, तुमच्या शोकेसात समदे ड्रायव्हरच हायेत की.' झालं. तवापासून बोलनं न्हाई."

"आणि फ्रिजवरची?"

"गाडी आनली त्या दिवशी हितंच घेऊन आल्ता. पयल्यांदा नानांना बसवतो म्हनला. हे भाईरच आले न्हाईत. मंग ही बारकी माज्या हातात दिली आन गेला. म्या ठेवली वर." त्यांनी पदरानं खोक्याचा कोपरा पुसला. "जगातल्या ड्रायव्हरांची नावं पाठ हायेत, डॉक्टरीनबाई. पोटच्या पोराचं तेवढं तोंडात येत न्हाई."

त्या दिवसापासून त्या घरात आल्यावर माझी नजर आधी फ्रिजवर जायची. रणगाडा बाहेर होता कारण तो मिळत नव्हता. ही गाडी बाहेर होती कारण ती फाटकाशी येऊनही काका उठले नव्हते, आणि घरात येणाऱ्या प्रत्येकाला ते खोकं दिसत होतं. ते काढून ट्रंकेत टाकावं असंही काकांना कधी वाटलं नाही, हे मला विशेष वाटायचं.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. एकदा चहाच्या वेळी सरळ विषय काढला, की तुम्हाला तर ड्रायव्हर म्हणजे देवमाणूस, मग घरचाच का नको? मला वाटलं आता ओरडतील. ते बशीत चहा ओतत म्हणाले, "ड्रायव्हर चांगलाच माणूस असतो, डॉक्टर. म्हणून तर. मी जन्मभर त्यांच्या शेजारी बसलोय. त्यांच्या कंबरा कशा जातात ते मला माहीत आहे. जेवण कुठं होतं, झोप कुठं होते ते माहीत आहे. दुसऱ्याचा पोरगा असला की आपण नाव विचारतो, चहा पाजतो आणि उतरून घरी येतो." मग बशी तशीच ठेवून ते बाहेर गेले. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस मी त्यांना हट्टी समजत होते.

ड्रायव्हर ओळखायच्या त्यांच्या दोन खुणा होत्या. पहिली हॉर्नची. "ज्याला घाई असते तो हॉर्न वाजवतो, ज्याला गाडी येते तो वाट बघतो." दुसरी खूण झोपेची. काका गाडीत कधी झोपत नसत, ड्रायव्हरशेजारी टक्क जागे बसून सगळं बघायचे. "ज्याच्या गाडीत माझा डोळा लागला तो खरा ड्रायव्हर," असं म्हणायचे, आणि असा त्यांना आयुष्यात एकच भेटला होता, जामखेडच्या एसटीवर. तरुणपणी ते काकूंना बघायला जामखेडला निघाले होते. मनातून लग्न करायचंच नव्हतं, वाटेत कुठंतरी उतरून परत फिरायचं असं ठरवून निघालेले. पण गाडी अशी चालली की यांचा डोळा लागला. जाग आली ती थेट जामखेडच्या स्टँडवर, समोर काकूंचे वडील टोपी सावरत उभे.

"त्या मेल्यानं एक डाव हार्न वाजवला असता," काकू आतून म्हणायच्या, "तर माजी सुटका झाली असती."

माझी बदली श्रीरामपूरला झाली ती ऐन थंडीत, भलत्याच वेळी. काकांची एक रीत होती. भाडेकरू घर सोडून निघाला की त्याला नव्या घरी पोचवायला ते स्वतः त्याच्या सामानाच्या गाडीत बसून जायचे. प्रेमापोटी जायचे आणि गाडीपोटीही. शोकेसमधली दोन-तीन वाहनं अशीच भाडेकरूंच्या कृपेनं आलेली होती. बदलीचा कागद आला त्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "पोचवायला मी येणार. शब्द आहे माझा. फक्त सामान कशात नेणार ते जरा बघा. पिकअप आहे माझ्याकडं. छोटा हत्ती आहे. नवीन काहीतरी ठरवा."

"नवीनच ठरवते," मी म्हटलं. कपाट आणि पलंग दवाखान्याच्या लोकांनी आधीच नेले होते. उरल्या होत्या पिशव्या, पुस्तकं, बादल्या आणि मी. मी जाऊन त्यांच्या मुलाची गाडी ठरवली.

"नाना बसायचे न्हाईत, मॅडम," तो म्हणाला. "उगं तुमची फजिती हुईल."

"सामान माझं, गाडी तुमची. शब्द त्यांनी दिलाय."

निघायच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट, टोपी आणि चिवड्याची पिशवी अशा थाटात फाटकाशी आले आणि थबकले. पांढरी गाडी समोर उभी. मुलगा मागचं दार उघडून माझ्या पिशव्या लावत होता, त्यानं मान वर केली नाही. काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या.  ही नसती उठाठेव मी कुणाच्या जिवावर केली, असं वाटून गेलं. म्हातारा आत्ता वळून घरात गेला तर मी निघून जाणार होते, पण काकूंना त्याच घरात राहायचं होतं, त्याच फ्रिजसमोर.

काकांनी चिवड्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग सवयीनं असेल, त्यांचे पाय हलले. त्यांनी गाडीला चक्कर मारली. चपलेच्या टोकानं टायर ठोकले, चारही. डावा आरसा बघितला, तो सरळच होता. मग पुढचं दार सोडून मधलं दार उघडलं आणि माझ्या पुस्तकांशेजारी, माझी बादली मांडीवर घेऊन बसले. आयुष्यभर ड्रायव्हरशेजारी बसणारा माणूस मागे बसला. ड्रायव्हरला नाव विचारलं नाही. पुढे मी बसले आणि आम्ही निघालो.

नगर सुटलं, विळद घाट उतरला. मी थोडी बडबड करून पाहिली, मुलगा "हो मॅडम" म्हणायचा आणि मागून तेवढंही नाही. कारखान्यांचा हंगाम जोरात होता. घाटाखालीच आमच्यापुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर लागला, मोठ्यानं गाणी लावलेला, रस्ताभर डुलत चाललेला. मागून गाड्या हॉर्नचा नुसता कल्लोळ करत होत्या. आमची गाडी गप्प. थोड्या वेळानं पुढचा रस्ता मोकळा दिसला. आता काढेल पुढं, असं मला वाटलं. त्यानं काढली नाही. मागचे एकेक करून आम्हाला ओलांडून गेले, कुणी शिव्याही देऊन गेले. आम्ही आपले ट्रॅक्टरमागे, बैलगाडीच्या चालीनं.

"जा की पुढं," मी म्हटलं. "संध्याकाळ होईल."

त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनी आरसा दाखवला.

मी वळून पाहिलं. काकांचा डोळा लागला होता. मान बादलीवर टेकलेली, टोपी बादलीत पडलेली, तोंड थोडं उघडं. आणि मुलगा स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, खड्डा दिसला की श्वास रोखून, जणू काठोकाठ भरलेलं पातेलं न्यावं तशी गाडी नेत होता. राहुरीपर्यंत त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं की ऊन होतं, ते मला नक्की सांगता येणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच होतं.

राहुरीच्या पुढे एका रसवंतीशी घुंगरांच्या आवाजानं काका जागे झाले. आधी त्यांना आपण कुठं आहोत तेच कळेना. मग कळलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा करून त्यांनी बादलीतली टोपी काढून झटकली, डोक्यावर ठेवली आणि खाली उतरले. आम्ही रस प्यायलो. 

पुन्हा निघताना मी पुढचं दार उघडायला गेले तर काका तिथं उभे.

"डॉक्टर, तुम्ही मागं बसा," ते म्हणाले. "बादली सांभाळा."

ते पुढे बसले. पट्टा लावला. मुलानं चावी फिरवली नाही, तो समोर बघत बसला होता. काकांनी समोरचा मीटर बघितला, डॅशबोर्डवरचा गणपती बघितला, मग नेहमीच्या त्यांच्या त्या अदबीच्या आवाजात, ज्या आवाजात त्यांनी रोलरवाल्याला, जेसीबीवाल्याला, माझ्या रिक्षावाल्याला विचारलं असेल त्याच आवाजात विचारलं :

"ड्रायव्हरसाहेब, नाव काय तुमचं?"

मुलानं त्यांच्याकडे बघितलं. मग आपलं नाव सांगितलं, नुसतं पहिलं.

"पूर्ण सांगा. अर्धं नाव म्हणजे अर्धं तिकीट."

त्यानं पूर्ण सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. मधलं नाव त्यानं समोर रस्त्याकडे बघत घेतलं.

काकांनी टोपी सरळ केली. "बरं," ते म्हणाले. "चहा कसा घेता?" आणि श्रीरामपूर येईपर्यंत ते दोघं एका गाडीच्या ॲव्हरेजवरून भांडत होते.

त्यानंतरच्या खंडेनवमीला मी मुद्दाम भिंगारला गेले. एसटीनं गेले आणि फाटकातच ड्रायव्हरचं पूर्ण नाव सांगून टाकलं, मगच आत प्रवेश मिळाला. रणगाडा टीव्हीवर होता. फ्रिजवर आता लोणच्याची बरणी होती. बाहेर खऱ्या पांढऱ्या गाडीला माळ घालून मुलगा नातवाला टपावर बसवत होता, आणि आत शोकेसमध्ये, एसटी आणि रोडरोलरच्या मधे, बारकी पांढरी गाडी खोक्याबाहेर उभी होती. बॉनेटवर कुंकू, चाकांपुढं दोन लिंबोळ्या अजून तशाच.

मी जुन्या खोडीनं ती उचलली आणि काकांच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातावर धरली, थोडे लाजले आणि नाव सांगितलं. पहिलं स्पष्ट, आडनाव स्पष्ट, मधलं पुटपुटत.

आतून काकूंचा आवाज आला, "मधलं ऐकू न्हाई आलं. जरा मोठ्यानं म्हना की."

काका खाकरले. गाडी दोन्ही हातांनी धरून त्यांनी पुन्हा पूर्ण नाव घेतलं, आणि मधे स्वतःचं नाव बाहेर गाडीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं घेतलं.